डोंगर पोखरणारे उंदीर



स्मृतिव्याख्यानात वक्त्याने पहिली दहा मिनिटे स्वतःच्या अपात्रतेचे वर्णन करावे असा आपल्याकडे प्रघात आहे. ती दहा मिनिटे मी वाचवतो. विषय जमिनीखालचा आहे, आणि खणायला वेळ लागतो.

शाळेच्या भूगोलात जमीन घडवणाऱ्या कारकांची एक यादी असते. नदी, वारा, हिमनदी, सागरी लाटा, भूजल. प्रत्येकाच्या वाट्याला आकृत्या, भूरूपांची नावे, परीक्षेत पाच गुण. बिळे करणारे प्राणी मात्र जैविक विदारणाच्या एखाद्या परिच्छेदात आटोपतात. उंदीर, घुशी, मुंग्या, वाळवी, गांडुळे जमीन भुसभुशीत करतात; पान उलटा. मला आज एवढेच सांगायचे आहे की ही वाटणी हिशेबात चुकलेली आहे. नदी दरी कोरते हे आपण मान्य करतो, कारण पुराचे गढूळ पाणी आपल्याला दिसते. बिळातून वर आलेली मूठभर माती दिसते तेव्हा ती मूठभरच असते, आणि तिची बेरीज करायला कोणी बसत नाही. फुकट गेलेल्या कष्टांना आपण 'डोंगर पोखरून उंदीर काढला' असे म्हणतो. तो डोंगर उंदराने आधीच पोखरलेला असतो, ही बाजू त्या म्हणीत येत नाही.

ही बेरीज करायला पहिल्यांदा चिकाटीने बसला तो चार्ल्स डार्विन. १८३६ मध्ये बीगल जहाजावरून परत आल्यावर तो स्टॅफर्डशायरमध्ये मामांकडे, जोसाया वेजवुड यांच्या मेअर हॉलवर गेला. (हे मामा पुढे त्याचे सासरेही झाले. मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट महाराष्ट्राला समजावून सांगावी लागत नाही.) मामांनी भाच्याला आपली कुरणे दाखवली. त्यांवर काही वर्षांपूर्वी चुना आणि कोळशाची जळकी खडी पसरली होती. आता वर नुसते गवत होते, आणि फावडे मारले की काही इंच खाली तो थर जसाच्या तसा सलग सापडत होता. मामांचा तर्क असा, की गांडुळे खालची माती गिळतात आणि विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकतात. त्यामुळे वर ठेवलेली वस्तू बुडत जाते. तिला कोणी पुरत नाही, तिच्याभोवतीची जमीनच वर येते. १ नोव्हेंबर १८३७ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, डार्विनने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत यावर निबंध वाचला.

दुसरा एखादा माणूस निबंध वाचून मोकळा झाला असता. डार्विनने डिसेंबर १८४२ मध्ये डाउन गावातल्या आपल्या घराजवळच्या कुरणावर खडूच्या दगडाचे तुकडे पसरले आणि तो वाट पाहू लागला. नोव्हेंबर १८७१ मध्ये त्याने तिथे चर खणवला. पांढऱ्या खड्यांची रेघ पृष्ठभागापासून सात इंच खाली होती. मध्ये २९ वर्षे गेली होती, आणि दरम्यान त्याने जगाची झोप उडवणारे एक पुस्तक लिहून प्रसिद्धही केले होते. जवळच दुसरे एक शेत होते, घरात त्याचे नाव 'दगडाचे शेत'. त्याची शेवटची नांगरणी १८४१ मध्ये झाली. डार्विनची मुले त्या उतारावरून पळत तेव्हा पायाखाली दगड खडखडत. तीस वर्षांनी घोडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरधाव गेला असता तरी त्याच्या नालाला एक दगड लागला नसता.

१८७७ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, तो स्टोनहेंजला गेला आणि तिथल्या पडलेल्या शिळांच्या कडेला खणून पाहिले. त्या किती बुडाल्या आहेत आणि कडेला माती कशी चढली आहे, याची त्याने मापे घेतली. घरी गांडुळे कुंडीत घालून पियानोवर ठेवली होती. हवेतला आवाज त्यांना कळत नाही, पण पियानोचा सूर वाजला की लाकडातून कंप पोचतो आणि ती बिळात पळतात, हे त्याने पाहिले. या साऱ्याचे पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये निघाले आणि त्याच्या हजारो प्रती हातोहात खपल्या. सहा महिन्यांनी लेखक वारला. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर वर्षी एकरी दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, हा त्यातला हिशेब. आजच्या मापात हेक्टरी सुमारे २५ टन. भारतही त्या पुस्तकात आहे: कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून आणि निलगिरीवरून गांडुळांच्या विष्ठेचे मोठमोठे मनोरे मागवून त्याने त्यांची वजने घेतली.

या पुस्तकाच्या बारा वर्षे आधी फिश नावाच्या एका गृहस्थांनी जाहीर हरकत घेतली होती. एवढासा दुबळा जीव, आणि त्याच्या नावावर एवढे अवाढव्य काम? डार्विनला ही हरकत ओळखीची होती. थोडे थोडे, पण न थांबता होत राहिलेले काम माणसाला बेरजेत धरता येत नाही, ही अडचण त्याला उत्क्रांतीच्या बाबतीतही आली होती आणि त्याच्या आधी भूगर्भशास्त्रज्ञांनाही. मला तर वाटते, गांडुळांचे हे पुस्तक म्हणजे त्याच्या मोठ्या सिद्धांताची परसबागेत, फूटपट्टीने घेतलेली पडताळणी होती.

आता माती वर येण्याची रीत जरा बारकाईने पाहू. बीळ करणारा प्राणी तीन कामे एकदम करतो. तो माती उचलतो, ती निवडतो, आणि पाण्याला खाली जायला वाट देतो. निवडण्याचे काम सगळ्यांत दुर्लक्षित. गांडुळाच्या तोंडात मावेल तेवढाच कण वर येणार, वाळवीच्या जबड्यात धरता येईल तेवढाच दाणा वर जाणार. मोठा दगड जागचा हलत नाही. त्याच्या खालची माती निघत जाते, पोकळी कोसळते आणि दगड खाली बसतो. शेकडो वर्षांत वरचा थर बारीक आणि एकजिनसी होतो, आणि त्याच्या तळाशी दगडगोट्यांची एक ओळ जमते. घाटात नव्याने कापलेल्या रस्त्याच्या कडेला अशी ओळ दिसली की आपण सहज म्हणतो, जुन्या नदीचे पात्र असेल. कधी असतेही. पण अनेक ठिकाणी ती प्राण्यांच्या निवडीची तळरेघ असते. अमेरिकेतल्या डोनाल्ड जॉन्सन यांनी १९९० मध्ये या वरच्या थराला स्वतंत्र स्थान दिले. सजीवांनी घोळलेले पृथ्वीचे आवरण, असे त्याचे वर्णन करता येईल. पुरातत्त्ववाल्यांना तर याची धास्तीच असते, कारण खापर ज्या खोलीवर सापडले त्याच खोलीवर ते कोणी टाकले होते, असे मग छातीठोकपणे म्हणता येत नाही.

उतारावर आणखी एक गोष्ट घडते. बिळाच्या तोंडाशी पडलेला ढीग सैल असतो, आणि सैल माती उताराच्याच दिशेने जाते. प्राणी मातीला वर उचलून देतो, पुढचे गुरुत्वाकर्षण बघून घेते. डार्विनने गांडुळाच्या ओल्या विष्ठेचा किती भाग उतारावर ओघळतो हेही मोजले होते. नदीत दिसणारा गाळ नदीने खरवडून आणला असे आपण म्हणतो. त्यातला काही वाटा तिच्या काठापर्यंत आधीच कोणीतरी पोचता केलेला असतो.

पण प्राणी नेहमी जमीन सपाटच करतात असे नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिया शहराजवळ मीमा नावाचे माळरान आहे. त्यावर जवळजवळ दोन मीटरपर्यंत उंचीचे, गोल, एकमेकांपासून ठराविक अंतरावरचे असंख्य उंचवटे आहेत. १८४१ मध्ये चार्ल्स विल्क्स यांच्या मोहिमेला वाटले, हे थडग्यांचे रान. त्यांनी काही उंचवटे फोडून पाहिले. आत हाडे नव्हती, माती आणि खडी होती. मग दीडशे वर्षे तर्क चालले: भूकंप, हिमयुगातले बर्फ, वारा, पाणी. दरम्यान, १९४२ मध्ये, डॅल्क्वेस्ट आणि शेफर या दोघांनी बोट दाखवले गोफरकडे. गोफर म्हणजे गालांना पिशव्या असलेला, मुठीत मावेल न मावेल एवढा बिळकरी प्राणी. त्याची अडचण अशी, की तिथली माती पातळ आणि खाली खडीचा घट्ट थर. पावसाळ्यात बिळात पाणी भरते. म्हणून तो घरट्याच्या दिशेने माती ढकलत राहतो. जिथे थोडी उंची आली तिथे पुढची पिढी राहते आणि आणखी माती ओढते. २०१४ मध्ये गॅबेट, पेरन आणि जॉन्सन यांनी हेच नियम संगणकाला देऊन पाहिले. काही शतकांतच पडद्यावर मीमासारखे उंचवटे, तशाच अंतरांवर उभे राहिले. वाद मिटला असे मी म्हणणार नाही. आज मीमाच्या माळावर गोफर उंचवटा बांधताना कोणी पाहिलेला नाही, आणि संगणकात जमले म्हणजे जमिनीवर झालेच असे नसते. पण कौल मला त्याच बाजूला झुकलेला दिसतो.

गोफरांनी त्याच राज्यात दुसरे एक काम केले, त्याबद्दल मात्र वाद नाही. १८ मे १९८० रोजी सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला आणि आसपासचा प्रदेश राख आणि प्युमिस दगडाखाली गाडला गेला. बिळात असलेले काही गोफर वाचले. ते पुन्हा खणायला लागले आणि राखेखालची जुनी माती, तिच्यातल्या बुरशीसह आणि बियांसह, वर आली. राखेच्या वाळवंटात हिरवे ठिपके जिथे आधी उगवले, तिथल्या काही जागा या ढिगांच्या होत्या.

आकाराच्या बाबतीत मात्र पहिला नंबर ब्राझीलच्या वाळवीचा. ईशान्य ब्राझीलच्या काटेरी झुडपांच्या रानात, ज्याला काटिंगा म्हणतात, मातीचे सुमारे २० कोटी सुळके आहेत. प्रत्येक साधारण अडीच मीटर उंच, नऊ मीटर रुंद. त्यांनी व्यापलेला प्रदेश ग्रेट ब्रिटनएवढा आहे. झुडपांआड ते लपलेले होते. रान तोडून कुरणे झाली तेव्हा नजरेत भरले. २०१८ मध्ये स्टीफन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी त्यांचे वय काढले, तेव्हा जुन्यांतले जुने ३,८०० वर्षांच्या पुढे गेले. एकूण माती भरते दहा घन किलोमीटर, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडएवढे चार हजार ढीग. यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ही वाळवीची घरे नव्हेतच. आत ना राणीचा महाल ना कोठ्या. जमिनीखाली बोगदे खणताना निघालेला राडारोडा वर टाकून दिलेला आहे, बस्स. पिरॅमिड बांधणाऱ्याला निदान काहीतरी बांधायचे होते.

इथवर मी परदेशातच हिंडतो आहे, तेव्हा आता घरी येतो. आणि आल्या आल्या माझ्याच पक्षाविरुद्ध बोलतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत ही खणकऱ्यांची मात्रा कमी चालते, कारण ती जमीन स्वतःला स्वतःच नांगरते. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, काही ठिकाणी मीटरभर खोल. वरची भुरभुरीत माती भेगेत पडते, पाऊस आला की चिकणमाती फुगते, भेग मिटते, आणि खालचा थर वर रेटला जातो. जे काम इंग्लंडच्या कुरणात गांडूळ करते ते इथे ऊन आणि पाऊस चिकणमातीकडून करून घेतात. कोकणातल्या तांबड्या मातीत आणि माळांच्या मुरमाड जमिनीत ही सोय नाही. तिथे वाळवी, मुंग्या, गांडुळे, खेकडे यांचा वाटा मोठा. सह्याद्रीच्या ओल्या मातीत तर देवगांडूळ आणि खापरखवल्या यांच्यासारखे जीव आहेत, ज्यांचे सगळे आयुष्य डोक्याने माती रेटण्यात जाते. शेतकऱ्याच्या फावड्यापुढे आल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि दिसले की बहुतेक वेळा विषारी साप समजून मारले जातात.

वारुळाचे महत्त्व आपल्या पूर्वजांच्या लक्षात आले होते, याचा पुरावा सहाव्या शतकातला आहे. उज्जैनच्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल शोधण्यावर दकार्गल नावाचा अध्याय आहे. अमुक झाडाच्या अमुक दिशेला वारूळ असेल तर इतक्या खोलीवर पाणी लागेल, अशी अनेक लक्षणे त्यात सांगितली आहेत. त्या खोलीच्या आकड्यांवर आज कोणी विहीर खणावी असे मी सुचवणार नाही. पण मूळ निरीक्षण पक्के आहे. वाळवीची कातडी पातळ असते, ओल गेली की ती मरते. म्हणून ती ओलीपर्यंत खाली जाते आणि तिथली बारीक चिकणमाती वर आणून वारुळाला लावते. वारूळ म्हणजे खालच्या थराचा वर आलेला नमुना. विहिरीसाठी बोअर घेताना आपण हेच करतो, पैसे मोजून.

बीळ ज्याने केले त्याच्याकडेच ते राहत नाही, हे 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणणाऱ्या लोकांना सांगायला नको. नागाला खणता येत नाही. उंदराचे बीळ, सोडलेले वारूळ, घुशीचा बोगदा यांवर तो, घोरपड, मुंगूस, बेडूक, विंचू असे कितीतरी जण जगतात. नागपंचमीला नांगरू नये, खणू नये ही रूढी ऐन पावसाळ्यातली, बिळांत पाणी शिरून ही सगळी मंडळी बाहेर पडतात त्या दिवसांतली आहे.

आता दुसरी बाजू. जमीन घडवणारा तिला बिघडवूही शकतो, आणि याचा अनुभव किनारपट्टीइतका कोणाला नसेल. गोव्यातली खाजने आणि रायगडातली खारबंदिस्ती ही समुद्राला बांध घालून मिळवलेली भातजमीन. चिखल, पेंढा, जांभा यांचे बांध, भरती-ओहोटीचे पाणी राखायला गोव्यात मानस आणि रायगडात उघाडी. या बांधांचा कायमचा वैरी खेकडा. त्याने पाडलेल्या भोकातून भरतीचे पाणी झिरपते, झिरपता झिरपता बारीक माती वाहून नेते, भोक रुंदावते आणि एखाद्या उधाणाला बांधाला खांड जाते. मग आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याने जमीन काही हंगाम तरी नापीक. म्हणून ही जमीन राखणाऱ्या गावकीची पिढ्यान्‌पिढ्यांची पहिली कामगिरी बांधावर फिरणे आणि भोके बुजवणे ही होती. ती गावकी ढिली पडली तिथे खांडी वाढल्या.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. माणसे गेली, घरे वाहून गेली. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण फुटले असे सांगितले आणि राज्यभर टर उडाली. कोणी निषेध म्हणून खेकडे घेऊन पोलीस ठाण्यातही गेले. शास्त्राच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: मातीच्या बांधाला बिळे घातक असतात, यात हसण्यासारखे काही नाही. जानेवारी २०१४ मध्ये इटलीत मोडेनाजवळ सेक्किया नदीचा तट फुटला. अभ्यासकांनी जुनी छायाचित्रे आणि गणिते तपासून त्याचे खापर तटात बिळे केलेल्या साळिंदर, बॅजर यांसारख्या प्राण्यांवर ठेवले. पण याच कारणाने खेकड्यांची ती सबब टिकत नाही. खेकडे कोकणात कालपरवा आलेले नाहीत. मातीचे धरण बांधले की त्यात कोणीतरी बीळ करणार, हे गृहीत धरूनच त्याची देखरेख ठरवायची असते. गळतीची तक्रार गावातून आल्यावर कोण बघायला गेले आणि त्याने काय केले, हा प्रश्न खेकड्याला विचारून भागत नाही.

याच रत्नागिरी जिल्ह्यात डुगवे गावाने खवल्या मांजराचा उत्सव केला आणि त्याची प्रतिकृती पालखीत बसवून मिरवली. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने त्या भागात या प्राण्याच्या रक्षणासाठी केलेल्या कामातून तो उभा राहिला. खवल्यांसाठी जगभर सर्वाधिक चोरटा व्यापार होणाऱ्या प्राण्यांपैकी हा एक. त्याची नखे वारुळे फोडण्यासाठीच घडलेली आहेत. फोडलेली वारुळे आणि सोडलेली बिळे मागे ठेवत तो रात्रभर फिरतो. तो गेला तर मातीचे काय होते, याचे उत्तर ऑस्ट्रेलियाकडे पाहून मिळते. तिथला बँडिकूट नावाचा लहानसा, पिशवीधारी प्राणी अन्न शोधत रात्रीत चाळीसहून अधिक खड्डे करतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मोजणीनुसार एक बँडिकूट वर्षाला जवळजवळ चार टन माती उलथतो. खड्ड्यात पाने साठतात, पाणी मुरते, बी रुजते. युरोपातून आलेले कोल्हे आणि मांजरे यांनी अशा खणकऱ्यांचा फडशा पाडला. तिथल्या खणणाऱ्या सस्तन प्राण्यांपैकी निम्म्या जाती नष्ट झाल्या किंवा संकटात आहेत. मागे राहिली ती वरून घट्ट, पाणी झिडकारणारी जमीन.

उलटही घडते, म्हणून भाबडेपणा नको. उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जंगलांत हिमयुगानंतर गांडुळे नव्हतीच. युरोपीय वसाहतवाल्यांच्या कुंड्यांतून आणि मासेमारीच्या आमिषातून ती पोचली. तिथे त्यांनी पानांचा जाड गालिचा खाऊन टाकला आणि त्यावर जगणारी रोपे उघडी पडली. डार्विनच्या कुरणातला नायक तिथे घुसखोर ठरला.

२०२५ मध्ये जेमा हार्वे आणि सहकाऱ्यांनी जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या, भूपृष्ठ घडवणाऱ्या वन्य प्राण्यांची जागतिक यादी केली. ६०३ जाती, प्रजाती आणि कुळे तिच्यात आली. या सगळ्यांची मिळून वर्षाची मेहनत लाखो मोठ्या पुरांच्या तोडीची निघते, असा त्यांचा अंदाज आहे. आणि भूतकाळाकडे वळलो तर कॅम्ब्रियन कालखंडाची सुरुवात, सुमारे ५३ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची, कशावरून ठरवली? न्यूफाउंडलंडमधल्या फॉर्च्यून हेड इथल्या खडकात एका प्राण्याचे बीळ पहिल्यांदा दिसते, त्यावरून. प्राण्याचा सांगाडा नाही, नुसते बीळ. त्याच्या आधी समुद्रतळावर सूक्ष्मजीवांचे घट्ट आच्छादन असे. ते भेदून कोणीतरी खाली शिरले, त्याबरोबर पाणी आणि प्राणवायू गाळात उतरले, आणि समुद्राचा तळ पुन्हा कधी पूर्वीसारखा राहिला नाही.

शेवटी संयोजकांना एक विनंती. माझे मानधन द्यायचेच असेल तर त्यातून विटांचा चार पोती चुरा आणावा आणि या महाविद्यालयाच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात, दोन मीटर बाय दोन मीटर जागेवर, बोटभर जाडीने पसरावा. जागा तांबड्या मुरमाच्या बाजूला निवडा. काळ्या मातीच्या कोपऱ्यात पसरलात तर चुरा पहिल्याच उन्हाळ्यात भेगांत जाईल आणि श्रेय उगाच गांडुळाला मिळेल. चारी कोपऱ्यांवर खुंट्या मारा, त्या जागेवर क्रिकेटची खेळपट्टी होऊ देऊ नका, आणि भूगोल विभागाच्या नोंदवहीत तारीख लिहा. दर पाच वर्षांनी कडेला एक वीतभर चर खणून खोली मोजा आणि पुढच्या विभागप्रमुखाकडे वही सोपवताना सही घ्या.